इंग्रजी सर्वनामे आणि मानपान : अर्ज, मुलाखत व पत्रव्यवहारासाठी मार्गदर्शन

मराठवाड्यातील मूल कोणाला 'तू' म्हणायचे, कोणाला 'तुम्ही' आणि कोणापुढे 'आपण' हे शाळेत जाण्याआधीच शिकलेले असते. आईला 'तू', वडिलांना बहुतेक घरांत 'तुम्ही', दारी आलेल्या पाहुण्यांना 'तुम्ही' आणि तहसीलमध्ये टेबलाच्या पलीकडे बसलेल्या साहेबांना 'आपण'. शिवाय गल्लीतल्या उर्दूमुळे 'आप' कानावर असतोच. हेच मूल पुढे इंग्रजीत अर्ज लिहू लागते, वाळूजच्या कंपनीत मुलाखतीला बसते किंवा परदेशातील प्राध्यापकांना ईमेल पाठवते, तेव्हा त्याच्या हातात एकच 'यू' उरतो. कुलगुरूंना तोच आणि शिपायालाही तोच. आदर दाखवण्याची सवय मात्र सुटत नाही. ती कुठेतरी वाट काढते आणि बहुधा भलत्याच सर्वनामात जाऊन बसते.

आजच्या इंग्रजीत सर्वनामातून समोरच्याचा मान कळत नाही, बोलणाऱ्याची सामाजिक पायरी मात्र कळते. त्यातही गंमत अशी की भारदस्त वाटणारे सर्वनाम निवडणारा माणूस वरच्या वर्गातला वाटत नाही, तर वर चढण्याच्या धडपडीतला वाटतो. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये उच्चवर्गीय आणि इतर इंग्रजीतील फरकांची नोंद केली, त्यातही हेच दिसते. जेवणाच्या रुमालाला उच्चवर्ग साधेपणाने 'नॅपकिन' म्हणे आणि मध्यमवर्ग मुद्दाम फ्रेंच वळणाचा 'सर्व्हिएट' म्हणे. नीट ऐकू आले नाही तर उच्चवर्गीय सरळ 'व्हॉट?' विचारी आणि 'पार्डन?' म्हणणारा खालचा ठरे. ही मोजपट्टी न्यायाची आहे असे मला मुळीच वाटत नाही; पण मुलाखत घेणारा कळत-नकळत ती हातात धरूनच बसलेला असतो, तेव्हा तिच्या खुणा आपल्याला ठाऊक असलेल्या बऱ्या.

'यू' वापरताना कचरू नका

इंग्रजीतही एके काळी आपल्यासारखीच सोय होती. एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यी' किंवा 'यू' अशी मूळ व्यवस्था होती. नॉर्मन फ्रेंचांचे राज्य आल्यावर त्यांच्या भाषेच्या वळणाने तेराव्या शतकापासून एकट्या वरिष्ठालाही अनेकवचनी 'यू' म्हटले जाऊ लागले, म्हणजे आपल्या 'तुम्ही'चीच चाल. मग 'दाऊ' उरला तो जवळच्या माणसाला, नोकराला आणि देवाला. एखाद्याला मुद्दाम हिणवायचे असेल तेव्हाही तोच वापरत. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना 'दाऊ' म्हटले आणि आपण मुद्दाम तसे म्हणत आहोत हेही बजावले. हा आपल्याकडच्या 'अरे-तुरे'चाच प्रकार होता. त्यानंतर काही दशकांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी देवापुढे सर्व माणसे सारखी या श्रद्धेने न्यायाधीशांसह सगळ्यांनाच 'दाऊ' म्हणायला सुरुवात केली आणि त्यापायी मार व तुरुंगवास सोसला. सर्वसामान्य समाजाने मात्र समतेसाठी उलटी वाट धरली. कोणाचा अपमान नको म्हणून सगळ्यांनाच 'यू' म्हणणे रूढ झाले आणि 'दाऊ' मागे पडला. यॉर्कशायर व लँकेशायरच्या ग्रामीण बोलीत त्याचे अवशेष नंतरही टिकले, पण तिथेही तो घरगुतीच राहिला.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की 'दाऊ', 'दी', 'दाय' ही रूपे बायबलमध्ये भेटतात म्हणून ती आदराची असावीत, असा समज करून घेऊ नये. १६११ च्या इंग्रजी बायबलात देवाला 'दाऊ' म्हटले आहे, आणि वारकरी विठ्ठलाला 'तू' म्हणतो त्यात जी जवळीक असते तिच्याशीच त्याचे नाते आहे. निरोप समारंभाच्या मानपत्रात मुख्याध्यापकांना 'दाऊ' म्हणणे म्हणजे त्यांना 'तू' म्हणणेच होय. दुसरी गोष्ट अशी की 'यू' हाच मुळात 'तुम्ही' आहे. तो कोणालाही निःशंकपणे म्हणावा. आदरापोटी 'यू'चे पहिले अक्षर मोठे लिहिण्याची काहींना सवय असते. इंग्रजीत तसे करत नाहीत. मोठ्या अक्षरात फक्त 'आय' लिहायचा असतो, आणि तो अहंकार मानला जात नाही. मोबाइलच्या सवयीने अर्जात छोटा 'आय' किंवा 'यू'च्या जागी एकच अक्षर ठेवणे मात्र हलगर्जीपणा ठरतो.

मग मान ठेवायचा कुठे? क्रियापदात आणि संबोधनात. 'गिव्ह मी द सर्टिफिकेट' या वाक्यात 'काइंडली' घातले तरी हुकूम हुकूमच राहतो. 'कुड यू प्लीज गिव्ह मी द सर्टिफिकेट?' किंवा लेखी असेल तर 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड मी द सर्टिफिकेट' असे म्हटले की मराठीत 'आपण' म्हणून जे साधते ते सारे साधते. 'युअर गुडसेल्फ' हा जुन्या व्यापारी पत्रव्यवहारातील शब्दप्रयोग आहे. आपल्याकडील कार्यालयांत तो अजून चालतो आणि तिथे त्याचे कोणाला काही वाटतही नाही, पण इंग्लंडमधील वाचकाला त्यात अतिनम्र दुकानदाराचा सूर ऐकू येतो. परदेशी किंवा मोठ्या खासगी कंपनीच्या पत्रात तो अजिबात नको.

'ते' म्हणजे 'दे' नव्हे

ही चूक आपल्या भागात इतकी रुळलेली आहे की ती चूक वाटतच नाही. 'सर आले, त्यांनी सांगितले' हे वाक्य मनात असते आणि तोंडून 'सर हॅज कम, दे टोल्ड मी' असे बाहेर पडते. वडील काय करतात, या प्रश्नाला 'दे आर फार्मर' असे उत्तर येते. मराठीत एका माणसाला अनेकवचन लावले की मान वाढतो. इंग्रजीत तसे केले की ऐकणारा दुसरा माणूस कुठे आहे ते शोधू लागतो. वडिलांना 'ही' आणि मॅडमना 'शी' म्हणताना जीभ अडखळते हे खरे आहे, कारण आपल्या कानाला तो एकेरी उल्लेख वाटतो. परंतु इंग्लंडच्या राजालाही 'ही' असेच म्हणतात. आदर राखायचाच असेल तर सर्वनाम टाळून पदनाम घ्यावे, जसे 'द प्रिन्सिपल हॅज अप्रूव्ह्ड इट'.

'मायसेल्फ'

कॅम्पस मुलाखतीच्या रांगेत दहापैकी आठ तरी मुले 'मायसेल्फ बालाजी फ्रॉम लातूर' अशी सुरुवात करतात, आणि ती त्यांना बहुधा कुठल्यातरी स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये पाठ करून घेतलेली असते. या सर्वनामाची योग्य कामे दोनच आहेत. कर्ता आणि कर्म एकच असेल तिथे ते लागते, जसे 'आय हर्ट मायसेल्फ'. आणि 'मी स्वतःच' असा जोर द्यायचा असेल तिथे, जसे 'आय वेल्डेड इट मायसेल्फ'. स्वतःची ओळख करून देताना 'आय ॲम बालाजी' किंवा 'माय नेम इज बालाजी' एवढे पुरते.

ही सवय का रुजते, याचे माझ्या मते एक जुने कारण आहे. अर्जात 'मी' म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. हैदराबाद संस्थानातील उर्दू अर्जांत अर्जदार स्वतःला 'फिदवी' म्हणजे आज्ञाधारक सेवक म्हणवून घेई, इंग्रजांच्या अमलातील अर्जांत 'युअर ओबीडियन्ट सर्व्हन्ट' असे आणि आजच्या मराठी अर्जांत 'अर्जदार', 'खाली सही करणार' किंवा 'आपला आज्ञाधारक'. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, पण अर्जाचा साचा तोच राहिला. 'आय' हा एवढासा शब्द उघडा-बोडका वाटतो, म्हणून त्यावर 'मायसेल्फ'चे पांघरूण घातले जाते.

इंग्लंडातही 'मायसेल्फ'ला वर्गाचा वास आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. घरे विकणारे दलाल, ग्राहक सेवेचे कर्मचारी, पत्रकार परिषदेतील पोलीस अधिकारी 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' किंवा 'आय विल सेंड इट टू युअरसेल्फ' असे म्हणतात. इंग्रजीतला 'मी' (म्हणजे 'आय'चे कर्माच्या जागचे रूप) म्हटले तर गावंढळ वाटेल आणि 'आय' म्हटले तर चूक ठरेल, या पेचातून काढलेली ती पळवाट असते. शिकलेल्या उच्चवर्गात याची उघड टिंगल होते. म्हणजे आपला विद्यार्थी जे सर्वनाम सभ्य समजून शिकतो, ते तिकडे सभ्य दिसण्याच्या धडपडीची खूण ठरते.

'आय' की 'मी'

शाळेत 'मी अँड माय फ्रेंड वेन्ट' असे म्हटले की बाई ओरडतात आणि 'माय फ्रेंड अँड आय' असे करून घेतात. दुरुस्ती योग्यच असते. मराठीत आपण 'मी आणि माझा मित्र' म्हणतो, इंग्रजीत दुसऱ्याला आधी घेण्याची रीत आहे. मात्र मूल त्यातून भलताच नियम काढते की 'मी' हा शब्दच अडाण्यांचा आणि 'अँड आय' हा शिकलेल्यांचा. मग ते सगळीकडे 'अँड आय' लावत सुटते आणि 'द प्रिन्सिपल कॉल्ड माय फ्रेंड अँड आय', 'बिटवीन यू अँड आय' अशी वाक्ये तयार होतात.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. १९९२ च्या निवडणुकीत बिल क्लिंटन यांनी 'गिव्ह अल गोर अँड आय अ चान्स' असे म्हटले होते आणि त्यावर व्याकरणप्रेमींनी बरीच टीका केली होती. त्याच्या उलट ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे 'माय हजबंड अँड आय' हे भाषणाच्या सुरुवातीचे वाक्य इतके प्रसिद्ध होते की १९७२ मध्ये लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी त्यांनी स्वतःच त्यावर विनोद केला. राणींच्या वाक्यात ते दोघे कर्ते होते, म्हणून 'आय' बरोबर होता. क्लिंटन यांच्या वाक्यात दोघांना काही द्यायचे होते, म्हणून तिथे 'मी' हवा होता.

तपासण्याची रीत सोपी आहे. दुसऱ्या माणसाचे नाव मनातल्या मनात काढून टाकावे आणि वाक्य म्हणून पाहावे. 'द प्रिन्सिपल कॉल्ड आय' असे पाचवीतला मुलगाही म्हणणार नाही, म्हणजे तिथे 'माय फ्रेंड अँड मी' हेच योग्य. 'मी वेन्ट' कोणी म्हणत नाही, म्हणजे तिथे 'माय फ्रेंड अँड आय'. 'बिटवीन' असेल तर नाव काढता येत नाही, म्हणून तेवढे पाठ करावे. 'बिटवीन यू अँड मी' हेच कायम योग्य.

या अतिदुरुस्तीमागचे कारण समाजशास्त्रीय आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कच्या अभ्यासात असे दिसले की सावधपणे बोलण्याच्या प्रसंगी कनिष्ठ मध्यमवर्गाचे लोक प्रतिष्ठेचा 'र' उच्चार वरच्या वर्गापेक्षाही जास्त करत होते. ज्याची पायरी पक्की असते तो सैल बोलतो, ज्याला पायरी चढायची असते तो ताठ बोलतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लाउथ यांचे १७६२ चे आणि लिंडली मरे यांचे १७९५ चे व्याकरण घरोघर गेले, तेव्हाही त्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने नव्याने पैसा हाती आलेला वर्गच होता. त्या काळी लॅटिनच्या चालीवर 'इट इज आय' हेच शुद्ध ठरवले गेले. आज फोनवर कोणी तसे म्हणाले तर समोरचा हसेल. 'इट्स मी' हे सर्व वर्गांत चालते आणि मुलाखतीतही चालेल.

'वन', 'वी' आणि 'हूम'

परदेशी जाण्यासाठी द्यायच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासमध्ये निबंधासाठी 'वन' हे सर्वनाम आवर्जून शिकवले जाते. 'वन शुड रिस्पेक्ट वन्स पेरेन्ट्स' यातील 'वन' म्हणजे आपल्या 'आपण मोठ्यांचा मान राखावा' या वाक्यातला कोणालाही लागू पडणारा 'आपण'. मराठीत तो 'आपण' रोजच्या बोलण्यातला आहे आणि हॉटेलात चहा पिणाराही तो वापरतो; इंग्रजीतला 'वन' मात्र वरच्या वर्गाशी इतका चिकटलेला आहे की ब्रिटनमध्ये राजघराण्याची नक्कल करायची असेल तर तो आधी वापरला जातो. नोव्हेंबर १९९२ मध्ये राणींनी ते वर्ष आपल्यासाठी भयंकर गेल्याचे लॅटिन शब्दांत सांगितले, तेव्हा 'द सन' या वृत्तपत्राने 'वन्स बम इअर' असा मथळा देऊन त्या 'वन'चीच चेष्टा केली होती. स्वतःविषयी बोलताना 'वन' वापरणे, म्हणजे 'मला वाटते' याऐवजी 'वन फील्स' म्हणणे, तर आपल्याला पेलणारच नाही. निबंधात तो एखाद-दुसऱ्या ठिकाणी शोभतो, पण एकदा घेतला की शेवटपर्यंत निभवावा लागतो. ब्रिटिश रीतीत 'वन'नंतर 'वन्स'च यावे लागते, अमेरिकन रीतीत पुढे 'हिज' चालते, आणि आपली मुले 'वन'ने सुरू करून 'युअर'वर संपवतात. त्यापेक्षा 'पीपल' किंवा 'वी' घ्यावे. गुण कमी होत नाहीत.

एकट्या माणसाने 'वी' म्हणणे हा राजेशाही थाट आहे आणि तो आपल्याला परका नाही, कारण वाड्यातले देशमुख स्वतःला 'आम्ही'च म्हणत. मार्गारेट थॅचर यांनी १९८९ मध्ये नातू झाल्याची बातमी 'वी हॅव बिकम अ ग्रँडमदर' अशी दिली आणि पंतप्रधान स्वतःला राणी समजू लागल्याची टीका ओढवून घेतली. वैयक्तिक अर्जात म्हणून 'आय'च असावा. कंपनीच्या किंवा संस्थेच्या वतीने लिहिताना 'वी रिग्रेट' अगदी योग्य. प्रबंधात एकट्या संशोधकाने 'वी' वापरावे की नाही, हे ज्या त्या विषयाच्या प्रथेप्रमाणे मार्गदर्शकांना विचारून घ्यावे.

'हूम' विषयी थोडेच पुरे. 'टू हूम इट मे कन्सर्न' यासारख्या ठरीव जागी आणि औपचारिक लेखनात 'टू', 'फॉर', 'विथ' यांच्या लगेच पुढे तो लिहावा. बोलताना 'हू' वापरावा. फोनवर 'हूम शॅल आय से इज कॉलिंग?' असे विचारणारा माणूस भारदस्तही नसतो आणि बरोबरही नसतो, कारण तिथे हा शब्द कर्त्याच्या जागी आहे, म्हणून 'हू' हवा.

स्त्री की पुरुष हे माहीत नसलेल्या व्यक्तीसाठी जुन्या कायदेशीर इंग्रजीत 'ही' चाले. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम १३ पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश धरते. आता 'इफ अ स्टुडंट लूजेस देअर कार्ड' असा एकवचनी 'दे' सर्रास चालतो, आणि तो चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. मघाशी नाकारलेला 'दे' आणि हा 'दे' वेगळे आहेत. समोर दिसणाऱ्या सरांसाठी नको, अनोळखी कोणासाठीही चालेल.

एक ईमेल, आधी आणि नंतर

समजा परभणीच्या कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्याला इंग्लंडमधील एका प्राध्यापकांकडून कापसाविषयीची माहिती हवी आहे. पहिला मसुदा बहुधा असा असतो : 'रिस्पेक्टेड सर, मायसेल्फ बालाजी फ्रॉम परभणी. आय हॅव रेड युअर गुडसेल्फ्स पेपर. माय गाइड अँड मायसेल्फ आर वर्किंग ऑन द सेम टॉपिक. दे टोल्ड मी टू राइट. काइंडली सेंड द डेटा टू माय गाइड अँड आय.'

यात 'रिस्पेक्टेड' हा शब्द तिकडच्या पत्रात नसतोच, आणि 'सर' म्हणून पत्र एखाद्या प्राध्यापिकेला गेले तर पंचाईत होते. 'डिअर प्रोफेसर' आणि पुढे आडनाव लिहिले की लिंगाचाही प्रश्न मिटतो आणि मानही राहतो. 'गाइड'ऐवजी तिकडे 'सुपरव्हायझर' म्हणतात. सुधारलेला मसुदा असा होईल : 'आय ॲम अ मास्टर्स स्टुडंट ॲट द ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी इन परभणी. आय हॅव रेड युअर पेपर ऑन कॉटन. माय सुपरव्हायझर अँड आय आर वर्किंग ऑन अ सिमिलर क्वेश्चन, अँड शी सजेस्टेड दॅट आय राइट टू यू. वुड यू बी विलिंग टू शेअर द डेटा विथ अस?' मॅडमचा उल्लेख 'शी' झाला, 'आय' चारदा आला आणि शेवटी 'अस' घेतल्यामुळे 'आय की मी' हा वादच उरला नाही. सगळी अदब 'सजेस्टेड' आणि 'वुड यू बी विलिंग' या दोन ठिकाणी आहे.

पत्राच्या शेवटी येणारे 'युअर्स' हेही सर्वनामच आहे. त्यात 'एस'च्या आधी स्वल्पविरामासारखे वरचे चिन्ह कधीच येत नाही, आणि त्यापुढचा शब्द छोट्या अक्षराने सुरू होतो. ब्रिटिश रीतीप्रमाणे सुरुवात 'डिअर सर ऑर मॅडम' अशी असेल तर शेवट 'युअर्स फेथफुली' असा आणि सुरुवातीला आडनाव असेल तर 'युअर्स सिन्सिअरली' असा करावा. 'युअर्स ओबीडियन्टली' शाळेच्या रजेच्या अर्जापुरते राहू द्यावे.